कुन्नूरची माती आणि महापेची लॅब

महापे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये जैविक खतांचे जिवाणू वाढवतात आणि तपासतात. मध्यंतरी निलगिरीतल्या कुन्नूरच्या एका चहामळ्यातून माती आली. व्यवस्थापकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्याकडचं सगळ्यात जोरदार पीएसबी पाठवा." पीएसबी म्हणजे मातीत अडकलेला स्फुरद (फॉस्फरस) विरघळवून मुळांना मिळवून देणारे जिवाणू. आमचा सगळ्यात जोरदार जिवाणू ठरलेलाच होता. पिकोव्हस्काया हे असे जिवाणू पारखायचं पोषक माध्यम; त्याच्या प्लेटवर या जिवाणूच्या वसाहतीभोवती रुंद, काचेसारखं स्वच्छ वलय पडतं, म्हणजे तिथला फॉस्फेट विरघळलेला असतो. ऊसवाल्यांची त्याला कायम मागणी.

पण मातीचा सामू, म्हणजे पीएच, निघाला ४.६. चहाला तशीच आम्ल माती मानवते, साधारण ४.५ ते ५.५ सामूची. पण तसल्या तांबड्या मातीत स्फुरद लोहाने आणि अॅल्युमिनियमने धरून ठेवलेला असतो. पिकोव्हस्कायात असतं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे कॅल्शियमने धरलेला स्फुरद, तेही सामू ७ च्या आसपास. ते वलय आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीला लागू पडेल. कुन्नूरला त्याचा काय भरवसा? म्हणून मी ४.६ सामूच्या माध्यमात अॅल्युमिनियम फॉस्फेट घालून दोन जिवाणू लावले: एक आमचा नावाजलेला, दुसरा त्याच मातीतून, चहाच्या मुळांलगत मिळालेला. त्याचं प्लेटवरचं वलय जेमतेम दिसायचं.

फ्लास्क शेकरवरून उतरवले, द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून गाळ खाली बसवला आणि वरच्या नितळ भागात मॉलिब्डेटचं अभिकर्मक घातलं. विरघळलेला स्फुरद जितका जास्त, तितका निळा रंग गडद. आमच्या जिवाणूची नळी फिकट आकाशी झाली, जिवाणू न घातलेल्या नळीपेक्षा किंचितच गडद. मुळाजवळच्या जिवाणूची मात्र शाईसारखी निळी!

"मॅडम, लेबलं उलटी लागली की काय?" आमचे सहायक दादा म्हणाले. लेबलं तपासली, नवे फ्लास्क लावले, निकाल तोच. नावाजलेल्या जिवाणूची जिवंत संख्याही आम्लात पार घसरली होती. कॅल्शियमचा फॉस्फेट साध्या आम्लाने सुटतो. अॅल्युमिनियमला पकडून त्याच्याकडचा स्फुरद सोडवायला सायट्रिक, ऑक्झॅलिकसारखी आम्लं लागतात, आणि ती सगळेच जिवाणू सोडत नाहीत.

खत नियंत्रण आदेशाप्रमाणे घन वाहकातल्या, म्हणजे भुकटीत मिसळलेल्या, जैविक खतात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. नियम चांगलाच आहे, पण ती मोजणी पाकिटातली. मातीत पडल्यावर त्यातले किती जगतात, ते कुणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्यवस्थापकांनी विचारलं, "मग युरिया बंद करू?" मी स्पष्ट नाही म्हणाले. तोडलेल्या प्रत्येक पानाबरोबर मळ्यातलं नत्र बाहेर जातं, ते हा जिवाणू भरून देणार नाही. ब्लिस्टर ब्लाइट या चहाच्या पानांवरच्या बुरशीरोगासाठी ताम्रयुक्त फवारणी होते, तीही जिवाणूंना मारक. फवारणी आणि जिवाणू देणं यांत अंतर ठेवा. हा दुसरा जिवाणू शेणखतात मिसळून, माती ओली असताना मुळांशी द्या, आणि काही ओळी जिवाणू न देता तशाच कोऱ्या सोडा.

कोऱ्या ओळी सोडायला ते नाखूश होते. पण त्यांच्याशिवाय तुलना कशाशी करणार? शेवटी तयार झाले.