तुम्ही विचारलंत म्हणून : नऊ दिवस का थांबलो नाही

"सर, मारुतीची नवी डिझायर नऊ दिवसांवर आली होती. मग जुनं मॉडेल कसं काय घेतलंत?"

हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये विचारला गेलाय, मेव्हण्याच्या साखरपुड्यात विचारला गेलाय, टायरमध्ये हवा भरणाऱ्या पोरानेही विचारलाय. बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं : शोरूमवाल्यांनी मास्तरला पडून राहिलेला माल खपवला. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मला कोणी फसवलं नाही. २ नोव्हेंबर २०२४ला, पाडव्याला मी गाडी दारात आणली तेव्हा नवी महिन्याभरात येतेय हे मला माहीत होतं. ११ तारीखही कानावर आली होती. शोरूममधल्या मुलाने स्वतःहून सांगितलं होतं, "सर, थांबायचं असेल तर थांबा, पण बुकिंग उघडल्यावर गाडी हातात कधी पडेल ते मी आत्ता लिहून देऊ शकत नाही." एवढं सरळ बोलणाऱ्या माणसावर मी ठपका ठेवणार नाही.

माझं नेहमीचं उत्तर असतं, "आईसाठी घेतली, घाई होती." ऐकणारा गप्प होतो, कारण आईच्या पुढे कोण बोलणार? हे उत्तर खरं आहे. पण पूर्ण नाही, आणि तेच मला दोन दिवाळ्या झाल्या तरी टोचतंय.

आधी घाईचं सांगतो. आईचं डायलिसिस जून २०२४ला सुरू झालं. तासगावहून मिरज, आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार. आमची आधीची गाडी कोविडात विकली होती, त्यामुळे गावातल्याच एकाची गाडी ठरवून घेतली होती. चार महिने सगळं सुरळीत चाललं.

दसऱ्यानंतरचा गुरुवार. परतीचा पाऊस दुपारपासून लागला होता. त्या दिवशी मशीन उशिरा मिळालं, त्यामुळे सहाला सुटणारी आई साडेसातला सुटली. चार तास रक्त बाहेर जाऊन परत आत आलेल्या माणसाकडे पाहिलंय का कधी? चेहरा राखेसारखा होतो आणि बोलणं दोन शब्दांवर येतं. मी ड्रायव्हरला फोन लावला. त्याची द्राक्षबागेची छाटणी चालू होती, पावसाने सगळा घोळ घातलेला, तो शेतातच अडकला होता. "सर, आज नाही जमणार." बस्स. दुसऱ्या तीन ठिकाणी फोन केले. त्या पावसात रात्री तासगावला यायला कोणी तयार होईना, एकजण तयार झाला तो दीड तासाने येतो म्हणाला. आई म्हणाली, "एसटीने जाऊ. मला बसवत नाही इथं."

आज मी म्हणतो, दीड तास थांबायला हवं होतं. त्या वेळी ती बाकावर एका कुशीवर कलंडली होती आणि मला तिला घरी न्यायचं होतं, एवढंच सुचत होतं. रिक्षाने सांगली स्टँड गाठला. बस भरलेली. एका मुलाने उठून जागा दिली. आईच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, तिथेच सुया टोचतात. त्या हातावर वजन द्यायचं नाही, तो दाबायचा नाही, त्या हाताने उचलायचं नाही. कवलापूरच्या पुढे कुत्रं आडवं आलं म्हणून ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि आईने तोल सावरायला समोरचा दांडा धरला. डाव्या हाताने. माणूस ज्या हाताने सवय आहे त्याच हाताने धरतो आणि आई डावखुरी आहे.

मला आधी कळलंच नाही. पदर ओला दिसला, वाटलं खिडकीतून पाऊस येतोय. कंडक्टरने मोबाइलची बॅटरी मारली तेव्हा तो लाल दिसला. सुईची जागा उघडली होती. नर्सने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, घाबरायचं नाही, कापसाची घडी ठेवून अंगठ्याने नेमक्या त्या भोकावर दाबून धरायचं. मी दाबलं. तिथून तासगाव स्टँड येईपर्यंत अंगठा उचलला नाही. अंगठ्याखाली ती थरथर लागत होती. फिस्टुला चालू असला की तिथे सतत एक बारीक थरथर लागते, रोज सकाळी हात लावून ती आहे ना ते बघायचं असतं. मी तिच्याकडे बघत नव्हतो, ती माझ्याकडे बघत नव्हती. एकदाच म्हणाली, "तुझा शर्ट खराब झाला."

रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, काही बिघडलं नव्हतं. पण त्या रात्री मी शर्ट भिजत घालताना बायकोला सांगितलं की पाडव्याला गाडी दारात असेल, कुठलीही असो.

"कुठलीही असो" हे खोटं होतं. इथूनच मला स्वतःशी भांडावं लागतं.

कारण बायकोने दुसऱ्याच दिवशी साधा प्रश्न विचारला : नवी स्विफ्ट मे महिन्यापासून शोरूममध्ये उभी आहे, सगळ्या मॉडेलला सहा एअरबॅग आहेत, ती आठवड्यात मिळेल, ती का नको? डिझायर म्हणजे शेवटी स्विफ्टच्या घरातलीच गाडी. येणाऱ्या डिझायरला इंजिनही तेच बसणार होतं. मी म्हटलं, डिकी. व्हीलचेअर घडी करून टाकायची तर स्विफ्टची २६५ लिटरची डिकी पुरायची नाही, डिझायरची ३७८ लिटरची आहे. हे बरोबर आहे, आमची व्हीलचेअर तिथे आडवी बसते आणि वर औषधांची पिशवी राहते. पण मी हे कारण सांगितलं तेव्हा माझ्याकडे व्हीलचेअर नव्हती. ती आम्ही डिसेंबरात घेतली.

खरं कारण सप्टेंबरात घडलं होतं. मी एकट्यानेच जाऊन नव्या स्विफ्टची टेस्ट ड्राइव्ह घेतली होती. माझी जुनी गाडी चार सिलिंडरची स्विफ्ट होती, अकरा वर्षं चालवली. सिग्नलला उभी राहिली की चालू आहे की बंद हे काट्याकडे बघूनच कळायचं. नव्या इंजिनला सिलिंडर तीन. उभी असताना स्टिअरिंगमधून बारीक थरथर तळहातात येते, आणि गिअर टाकून रेटलं की आवाजाला एक खरखरीत धार येते. कंपनीने ते इंजिन मुद्दाम तसं केलंय, ॲव्हरेजसाठी. जुन्या डिझायरचा कागदावरचा आकडा लिटरला २२.४१ किलोमीटर आहे, नवीचा २४.७९. ताकद मात्र नव्वद हॉर्सपॉवरवरून ब्याऐंशीच्या आसपास आली. घाटात चौघं बसवून गाडी नेणाऱ्याला हा फरक कळतो. मला जुनं इंजिन हवं होतं. डिझायरमध्ये ते बंद होणार म्हणून तर जास्तच हवं होतं. शेवटच्या गाड्यांवर पस्तीस हजारांची सूट मिळत होती, तीही मला हवी होती, कारण डायलिसिसच्या खर्चात पस्तीस हजार म्हणजे किती हे ज्याच्या घरात चालू आहे त्याला विचारा.

यात लाज वाटण्यासारखं काय आहे? तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने आपल्या पैशाने आपल्याला आवडणारी गाडी घेऊ नये का? आईला मऊ चालणारी गाडी हवीच होती, डायलिसिसनंतर तिला आवाज आणि हादरे सोसत नाहीत. मी हे मनापासून मानतो. आजही ती मागे बसते आणि गाडी सुरू झाल्याचं तिला कळतसुद्धा नाही, असं ती स्वतः म्हणते.

पण मग ८ नोव्हेंबर आला.

शुक्रवार होता. गाडी येऊन सहा दिवस झाले होते, सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. भाच्याने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला : गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नव्या डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षेत पाचपैकी पाच तारे, चौतीसपैकी ३१.२४ गुण. मुलांच्या सुरक्षेत चार. मारुतीच्या गाडीला असे पाच तारे त्याआधी मिळाले नव्हते. जुन्या डिझायरला दोन होते. तेव्हाचे नियम आजच्यापेक्षा सौम्य, तरी दोनच. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिने माझ्या हातातला फोन घेऊन तो व्हिडिओ तीनदा बघितला. गाडी अडथळ्यावर आदळते, पुतळ्याचं डोकं पुढे येतं, पांढरी उशी फुगते. मग विचारलं, "बाबा, आपल्या गाडीला किती?"

मी म्हटलं, "आपली वेगळी आहे."

माझा बचाव असा की हे पाच तारे येणार हे कोणालाच आधी माहीत नव्हतं. त्याच वर्षी युरोपातल्या चाचणीत नव्या स्विफ्टला तीनच तारे मिळाले होते. मी कशाच्या आधारावर थांबायचं होतं? तारे माहीत नसतील, पण सहा एअरबॅग माहीत होत्या. माझ्या गाडीत दोन आहेत, दोन्ही पुढे. मागे बसणाऱ्याच्या डोक्याशेजारी उघडणारी एकही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा आहे. नव्या गाडीत तिन्ही सीटना खांद्यावरून येणारा पट्टा आहे.

मी फिजिक्स शिकवतो. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली, मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते. त्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात मी संवेगाचा धडा सोडून पूर्ण तास पट्ट्यावर घेतला होता. फळ्यावर गणित मांडलं : ताशी ६४ किलोमीटरने जाणारी गाडी थांबली तरी आतला माणूस थांबत नाही, त्याला कशाने तरी थांबवावं लागतं. पट्ट्याने, नाहीतर पुढच्या सीटने. कमरेचा पट्टा कंबर थांबवतो, वरचं अंग पुढे जातंच. शेवटी मुलांना म्हटलं होतं, घरी गाडी घेताना रंग बघू नका, मागचे पट्टे बघा. तो मास्तर आणि सप्टेंबरात टेस्ट ड्राइव्हला जाऊन तळहातातली थरथर मोजणारा मास्तर एकच. दोन वर्षांचं अंतर. त्याला मी विचारतो, तू शोरूममध्ये मागे वाकून मधला पट्टा बघितलास का? तो म्हणतो, बघितला. बघितला आणि मनात म्हटलं, मधे कोण बसतंय?

मधे माझी लेक बसत होती.

त्याचं कारण असं. आई मागे उजवीकडे बसते. तिकडे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, डावा हात मोकळा राहतो, दाराला घासत नाही. शनिवारी लेकीला अर्धा दिवस शाळा, ती बरोबर यायची आणि आजीला चिकटून मधल्या सीटवर बसायची, कारण तिला आजीच्या मनगटाच्या वर दोन बोटं टेकवून ती थरथर बघायची असायची. "आजीच्या हातात इंजिन आहे," असं ती म्हणायची. वजन टाकायचं नाही, नुसतं टेकवायचं, हे आईने तिला शिकवलं होतं. तासगाव ते मिरज, बोटं टेकवून.

व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी तिला म्हटलं, आजपासून तू डाव्या खिडकीशी बसायचंस, पट्टा लावून. ती म्हणाली, "तिथून आजीचा हात येत नाही." मी म्हटलं, "बस तिथं." आवाज चढला. आई काही बोलली नाही. लेक बसली, पट्टा लावला, आणि कवलापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवशी सीटवर मधे औषधांची पिशवी ठेवली होती.

तुम्ही म्हणाल, डाव्या खिडकीशी बसवलंस ना, झालं, सुटला प्रश्न. सुटला असेल. डाव्या खिडकीशी पट्टा आहे, बाजूची एअरबॅग नाही. दुसऱ्या बाजूने सांगायचं तर, मी थांबलो असतो आणि गाडी जानेवारीत मिळाली असती, तर पाडव्यापासून जानेवारीपर्यंत आईच्या जवळजवळ तीस फेऱ्या झाल्या, त्या कशाने केल्या असत्या? त्या तीसपैकी एकीत पुन्हा तो गुरुवार आला असता तर? हे दोन हिशेब मी एका कागदावर मांडायचा प्रयत्न केला आहे. एकात घडून गेलेलं रक्त आहे, दुसऱ्यात न घडलेला अपघात. त्यांची बेरीज वजाबाकी कशी करायची मला येत नाही. आणि मधे नवी स्विफ्ट उभीच आहे, आठवड्यात मिळणारी, सहा एअरबॅगची. व्हीलचेअर तिच्या मागच्या सीटवर ठेवता आली असती.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका एजंटने फोन केला. गाडी चांगली ठेवलीय सर, चार सिलिंडर म्हणून लोक शोधत येतात, आत्ता काढलीत तर भाव चांगला येईल, नवी घेऊन टाका. बायको म्हणते, काढ. कर्जाचे अजून तीन वर्षं हप्ते आहेत. आई म्हणते, मला ह्या गाडीत गुडघा लागत नाही, उगाच कशाला बदलता. लेकीला कोणी विचारलेलं नाही, आता तिला शनिवारी क्लास असतो.

एजंटला मी अजून फोन केलेला नाही. मंगळवारी पाऊण वाजता गाडी दारात लावायची आहे, त्याआधी आईच्या सीटवरची उशी उन्हात टाकायची आहे.