सेठजींची साइट पासवर्ड मागते

दिवाळी आठ दिवसांवर. इंदूरच्या रामबागेत रविवारचे पोहे, वर जिरावन मसाला भुरभुरतोय तेवढ्यात नमकीनवाल्या सेठजींचा फोन; त्यांची साइट आम्ही सांभाळतो: "भिया, साइट पासवर्ड मांग री है. किसका पासवर्ड?"

पासवर्ड असतो फक्त टेस्टवर, म्हणजे आमच्या चाचणीच्या साइटवर. साइट चालवणाऱ्या 'अपाची' सर्व्हरची एकच कॉन्फिग (सेटिंगची) फाइल आम्ही टेस्ट आणि खरी साइट, दोन्हीकडे वापरतो. जे वेगळं, ते 'इफडिफाइन' या अटीच्या कंसात. 'प्रॉड' (प्रॉडक्शन, म्हणजे खरी साइट) हा फ्लॅग, म्हणजे सुरू करतानाची खूण, देऊन अपाची सुरू केला की पासवर्ड जातो आणि पेमेंट गेटवेच्या खऱ्या किल्ल्या लागू होतात. फ्लॅग नसला तर टेस्ट समजायचं. ही रचना माझी, आणि अजूनही मला ती पटते. दोन फाइली ठेवल्या की महिन्याभरात त्या एकमेकींना ओळख देत नाहीत.

सर्व्हरच्या लॉगमध्ये ४०१ची, म्हणजे 'पासवर्डशिवाय आत नाही'ची रांग. कुणी बिचारा अंदाजाने काहीबाही टाकत बसलेला: यूजर 'दोकिलोसेव' सापडला नाही. कॉन्फिगटेस्ट, म्हणजे कॉन्फिग फाइल तपासणारी कमांड, म्हणे सिंटॅक्स ओके. म्हणणारच, फ्लॅगशिवायही फाइल व्याकरणशुद्धच असते. मग अपटाइम, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे, ते पाहिलं: तीन तास. होस्टिंगवाल्यांनी पहाटे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बदलून मशीन रीबूट केलं होतं. मेल पाठवला होता म्हणे. तो स्पॅममध्ये निघाला.

पण रीबूटने फ्लॅग का जावा? कारण तो लिहिलेलाच नव्हता कुठे! चौदा महिन्यांपूर्वी आमच्यापैकी कुणीतरी हाताने कमांड देऊन अपाची सुरू केला होता. पुढे कायम ग्रेसफुल रीस्टार्ट, म्हणजे अपाची बंद न करता त्याला कॉन्फिग पुन्हा वाचायला लावणं. त्यात मूळ प्रोसेस मरत नाही, म्हणून तिचा फ्लॅगही टिकतो. जुन्या कमांडच्या यादीत, हिस्टरीत, ती कमांड सापडली, माणूस नाही. सगळे 'रूट' या एकाच सर्वाधिकारी खात्यानेच लॉगिन करतात आमच्याकडे.

दुरुस्ती एका ओळीची: अपाची सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या 'एनव्हीव्हार्स' फाइलमध्ये फ्लॅग. पोहे गार होण्याआधी साइट सुरू.

सहकारी म्हणतो, फ्लॅग नसेल तर प्रॉडक्शनच धरावं. छान! मग टेस्टवर आमची पोरं खऱ्या कार्डांनी शेव मागवतील. अपाचीत 'एरर' नावाचं डायरेक्टिव्ह (कॉन्फिगमधली आज्ञा) आहे. प्रॉड नाही आणि टेस्टही नाही, तर सर्व्हर सुरूच होऊ द्यायचा नाही, असं त्याने करता येतं. निदान कॉन्फिगटेस्ट तरी ओरडेल. पण मग रात्री रीबूट झाला की सेठजींना पासवर्डची खिडकीही दिसणार नाही, नुसता पांढरा पडदा. ती ओळ लिहून ठेवली आहे, अजून टाकलेली नाही.