पत्र्याबरोबर कागदही सरळ करायला शिकलो : आमची वाटचाल

आमच्या गाडीदुरुस्तीच्या वर्कशॉपच्या ऑफिसात गणपतीच्या फोटोशेजारी एका फोर्ड मस्टँगचं चेपलेलं बॉनेट भिंतीला लावलंय. विमा कंपनीने क्लेममध्ये त्याची भंगार किंमत धरली होती. तेवढे पैसे आम्ही मोजले आणि ते ठेवून घेतलं. नव्या माणसाला त्याच्याबद्दल सांगताना मला नेहमी अण्णांपासूनच सुरुवात करावी लागते.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी पत्र्याच्या एका शेडमध्ये डेंटिंग-पेंटिंग सुरू केलं. आजूबाजूला सगळी लेथ, फाउंड्री, ऑइल इंजिनची कामं. जीप, ॲम्बेसिडर, फियाट यायच्या. अण्णा प्रायमर मारलेल्या दारावर ओला बोळा फिरवायचे, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात पाडायचे आणि ती पांढरी रेघ कुठे मोडते ते बघत बसायचे. रेघ सरळ दिसेपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही. हात असा, पण विम्याचा कागद आला की ते तो माझ्याकडे सरकवायचे. एस्टिमेट म्हणजे आमच्यासाठी लेटरहेडवरच्या चार ओळी होत्या.

त्या चार ओळींनी २०१२ साली आम्हाला खड्ड्यात घातलं. एका जुन्या ग्राहकाची दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार कागलजवळ डिव्हायडरला धडकली. विमा कंपनीने पाठवलेले, नुकसान मोजणारे सर्व्हेअर आले, बाहेरून फोटो काढून गेले. आम्ही बंपर उतरवला तर मागे रेडिएटरचा सपोर्ट वाकलेला, एसीचा कंडेन्सर फुटलेला. ग्राहकाच्या घरी लग्न होतं, गाडी लवकर हवी होती. आम्ही पार्ट मागवून बसवले आणि जुने आठवड्याच्या भंगारात घालवले. बिल गेल्यावर सर्व्हेअरनी विचारलं, “जुने पार्ट कुठायत? उघडल्यावरचे फोटो?” दोन्ही नव्हतं. तेवढी रक्कम कापली गेली. सर्व्हेअरची काही चूक नव्हती, न दाखवलेलं नुकसान त्यांनी कसं मंजूर करायचं? ग्राहकाने निम्मे दिले, निम्मे आम्ही सोसले. आईच्या पाटल्या तारण ठेवल्या होत्या, त्या सुटायला दोन वर्षं लागली. तेव्हापासून आमच्याकडे फायनल सर्व्हे होईपर्यंत जुना एक क्लिपसुद्धा दाराबाहेर जात नाही. प्रत्येक गाडीच्या नावाने एक क्रेट असतो.

मी पॉलिसी वाचायला लागलो ते तिथून. रात्री जेवण झालं की एक-एक कलम. धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा, प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर सरसकट ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर शून्य. स्पोर्ट्स कारमध्ये पुढे बरंच प्लास्टिक असतं. त्यामुळे ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, घेतलेलं नसेल तर बंपर आणि एअरबॅगचा निम्मा खर्च मालकाच्या खिशातून जातो. हे लोकांना अपघातानंतर कळतं. मला ते आधी सांगावंसं वाटतं, म्हणून आता सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीचीही पॉलिसी मी मागून घेतो. काहींना आगाऊपणा वाटतो, वाटू दे.

२०१९च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, शहरात कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या आठ दिवसांत मी फोनवर एकच वाक्य बोलत होतो, “पाणी ओसरलं तरी चावी फिरवू नका.” इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टनला पाणी दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपनी म्हणते, हे पुराने नाही, तुम्ही स्टार्ट केल्याने झालं. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर नसेल तर तिथे वाद घालण्यात अर्थ उरत नाही.

मस्टँग आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. पुण्याचे एक तरुण उद्योजक पत्नीसोबत गोव्याहून परतत होते. आंबोली घाटात पाऊस, ओलं वळण, ताकद मागच्या चाकांना देणारं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन. गाडी फिरली आणि उजव्या कोपऱ्याने कठड्यावर आदळली. एअरबॅग उघडल्या, दोघंही सुखरूप. आमचा नंबर त्यांना मित्राकडून मिळाला होता.

“काका, सुरू होतेय. हळूहळू कोल्हापूरपर्यंत आणू का?”

“खाली काही सांडलंय का बघा आधी.”

“पाण्यासारखं काहीतरी गळतंय, रंगीत आहे.”

“तो कूलंट. इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. चारही बाजूंनी फोटो काढा, कठड्याचाही काढा. आणि विमा कंपनीला आत्ता, तिथूनच कळवा.”

कूलंट नसताना घाट चढले असते तर इंजिन जाम झालं असतं आणि तो खर्च अपघातात धरला गेला नसता. आम्ही फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, पाठवला. पुढचा ओठ जमिनीला लागू नये म्हणून फळ्या टाकून गाडी वर घेतली. साध्या पॉलिसीत गाडी उचलून नेण्यासाठी १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. घाटातून फ्लॅटबेड आणायला ते कुठे पुरणार?

महिनाभर आधीच, सप्टेंबरमध्ये, फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. मस्टँग तर अमेरिकेतूनच तयार होऊन यायची. पार्ट मिळतील का, या धास्तीने मालकांची झोप उडाली होती. त्यात टोटल लॉसची टांगती तलवार. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या गाडीच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते, म्हणजे दुरुस्तीऐवजी पैसे देते. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. समजा शोरूमची किंमत ७५ लाख. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा, म्हणजे आयडीव्ही ४५ लाख, आणि रेषा ३३ लाख ७५ हजारांवर. त्यांना गाडी हवी होती, पैसे नको होते.

सर्व्हेअरना मी आधीच विनंती केली की बाहेरून बघून आकडा लिहू नका, तुमच्यासमोर उघडतो. ते तीनदा आले. प्रत्येक वेळी आम्ही एक-एक थर उतरवला, पट्टी लावून फोटो काढले, पार्ट क्रमांकासह यादी केली. उजवी चेसिस रेल, म्हणजे सांगाड्याची लांब पोलादी तुळई, सात मिलिमीटर आत गेली होती. ती बदलायची ठरली असती तर गाडी रेषेपलीकडे गेली असती. हे पोलाद तापवलं की त्याची ताकद जाते, म्हणून गाडी सांगाडा सरळ करायच्या बेंचवर बांधून रेल थंडच ओढली, अर्धा-अर्धा मिलिमीटर, दोन दिवस. चौथ्या भेटीत सर्व्हेअरनी स्वतः मापं घेतली.

बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे. इथे आमच्या मिस्त्रीमामांचा चाळीस वर्षांचा हात थबकला. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं, ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. ६६० अंशांच्या आसपास एकदम वितळून खाली बसतं. शिवाय लोखंडावर चाललेली हातोडी त्यावर चालवली तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे रंगाखाली गंज-फोड धरतात. आम्ही ताडपत्री लावून कोपरा वेगळा केला. नव्या हातोड्या, पत्र्यामागे धरायच्या नव्या डॉल्या, पॉलिश पेपरसुद्धा वेगळा. बॉनेट बदलावंच लागलं. डावा फेंडर मात्र मामांनी ठरावीक तापमानाला वितळणारा खडू लावून, हीट गनने कोमट करत, लाकडी ठोकणीने आणला. शेवटी ओला बोळा फिरवून त्यांनी ट्यूबलाइटची रेघ बघितली. अण्णा तेव्हा खुर्ची टाकून तिथेच बसले होते. काही बोलले नाहीत, फक्त हात लावून उठले.

एक प्रसंग लिहायला जड जातो, पण लिहितो. गाडीला बाहेरून बसवलेला महागडा एक्झॉस्ट होता, तोही फुटला होता. पॉलिसीत त्याची नोंद नव्हती. मालक म्हणाले, “कंपनीचाच होता असं दाखवा ना काका.” मी हात जोडले. दोन दिवस ते फोनवर तुटक बोलले. मग एक्झॉस्टचे पैसे स्वतः भरले. झिरो डेप असल्याने प्लास्टिकची कपात वाचली. क्लेममध्ये मालकाने सक्तीने भरायचे २,००० रुपये आणि तेल, कूलंट, क्लिप असा वापरून संपणारा माल तेवढा त्यांच्याकडे आला, कारण त्याचं कव्हर घेतलं नव्हतं. हेडलॅम्प आणि बॉनेटची वाट बघण्यात हिवाळा गेला. पाडव्याच्या आधी गाडी घरी गेली.

तेव्हा आमच्याकडे कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने थेट वर्कशॉपला पैसे देण्याची सोय, नव्हतं. पार्टचे आगाऊ पैसे मालक आणि आम्ही मिळून उभे केले होते, छोट्या वर्कशॉपचा जीव खरा तिथेच जातो. त्या फायलीनंतर दोन विमा कंपन्यांनी आम्हाला यादीत घेतलं. ताडपत्रीच्या कोपऱ्याची आता बंद खोली झालीय. क्लेमचं टेबल माझी बायको सांभाळते. विनाकारण अडलेल्या एका ग्राहकाची पुण्याच्या विमा लोकपालाकडची तक्रार तिनेच तारखांसह लिहून दिली, आणि त्याला उरलेली रक्कम मिळाली.

सध्या बेंचवर गोव्यात बनलेली एक सॅन स्टॉर्म आहे, सावंतवाडीच्या एका मास्तरांची. रेनोचं छोटं इंजिन, फायबरग्लासची बॉडी. बैल आडवा आला म्हणून त्यांनी गाडी बांधावर घातली. पार्ट कुठेच मिळत नाहीत. इतक्या जुन्या गाडीची आयडीव्ही तक्त्यातून निघत नाही, मालक आणि कंपनीने संमतीने ठरवायची असते. मास्तरांनी ती दर वर्षी फोटो जोडून नीट ठरवून घेतलीय, फाइल बघून बायको खूश झाली. फुटलाय डावा फेंडर. उजव्याचा साचा डाव्याला चालत नाही, म्हणून मडगावच्या एका मालकाने त्यांच्या गाडीवरून साचा घ्यायला परवानगी दिलीय. मामा आणि आमचा पोरगा रेझिनचे डबे घेऊन सकाळीच निघालेत. शनिवारी साचा येईल, सर्व्हेअरना सोमवारची वेळ दिलीय.