२५ जूनचा फळा

२५ जूनच्या फळ्यावर आणीबाणी, क्रिकेट आणि सिनेमाची गाणी एकत्र का, असे तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. एरवी फळ्यावर लिहिणाऱ्याने फळ्याबाहेर फार बोलू नये, असे मी मानत आले आहे.

इंदूरच्या आमच्या भागातल्या लहानशा मराठी वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यावर रोज सकाळी ‘आजचा दिनविशेष’ लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. वर्षातले बहुतेक दिवस लोक जाता जाता फळा वाचतात आणि वर्तमानपत्रांकडे वळतात. २५ जूनला मात्र कोणी ना कोणी माझ्या टेबलापाशी येऊन थांबते. वयस्क मंडळी विचारतात, “बाई, आणीबाणीच्या शेजारी क्रिकेट आणि सिनेमाची गाणी लिहिणे बरे दिसते का?” तरुण मुले नेमके उलटे विचारतात, “विश्वचषक जिंकल्याच्या दिवशी आणीबाणीची आठवण कशाला?” दोघांचेही म्हणणे खरे तर एकच आहे. या गोष्टी एका फळ्यावर नांदू शकत नाहीत, त्यांतली एक निवडावी आणि बाकीच्या पुसाव्यात, असे त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते दाराशी उभ्या उभ्या कधीच नीट सांगता आले नाही.

फळ्यावर चार ओळी असतात. १९२४ : संगीतकार मदनमोहन यांचा जन्म, बगदाद. १९३२ : भारताची पहिली कसोटी, लॉर्ड्स, कर्णधार इंदूरचे सी. के. नायडू. १९७५ : देशात आणीबाणी जाहीर. १९८३ : क्रिकेटचा विश्वचषक, पुन्हा लॉर्ड्स. मी ओळी वर्षांच्या क्रमाने लिहिते, महत्त्वाच्या क्रमाने नव्हे, कारण महत्त्व ठरवण्याचा अधिकार वाचणाऱ्याचा आहे.

दुसऱ्या ओळीत ‘इंदूरचे’ हा शब्द मी मुद्दाम घालते. नायडू जन्माने नागपूरचे. पण १९२३ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला आले, होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले, आणि १४ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोही याच शहरात. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखाना मैदानावर, इंग्लंडहून आलेल्या एमसीसी या क्रिकेट क्लबच्या संघाविरुद्ध, त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या आणि त्यांत ११ षटकार होते. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यामागे त्या खेळीचा मोठा वाटा मानला जातो. तरीही १९३२ साली इंग्लंडला निघालेल्या संघाचे ते कर्णधार नव्हते. कर्णधार होते पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार होते लिंबडीचे राजपुत्र, कारण संघाचे नेतृत्व संस्थानिकांच्या घराण्याकडेच असावे अशी त्या काळची रीत होती. पोरबंदरच्या महाराजांनी आपल्या खेळाची मर्यादा ओळखून स्वतःला बाजूला ठेवले, लिंबडीच्या राजपुत्रांची पाठ दुखावली, आणि म्हणून २५ जूनच्या त्या शनिवारी डग्लस जार्डिनच्या इंग्लंडसमोर एका संस्थानाच्या नोकरीत असलेला माणूस भारताचा कर्णधार म्हणून उभा राहिला.

त्या सकाळी मोहम्मद निसार यांनी इंग्लंडच्या दोन्ही सलामीवीरांचे त्रिफळे उडवले आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला दुखापत झाली, तरी पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक, म्हणजे ४०, धावा त्यांच्याच होत्या. दुसऱ्या डावात अमर सिंग यांनी ५१ धावा केल्या. कसोटीतले ते पहिले भारतीय अर्धशतक. सामना आपण १५८ धावांनी हरलो. एका मुलाने मला विचारले होते की हरलेला सामना दिनविशेषात कशाला. मी त्याला जुन्या पुस्तकातला तो धावफलक वाचायला दिला, आणि त्याने तो दोनदा वाचला.

आता राजकारणाकडे पाहा. त्या जूनमध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि देशात सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती. राष्ट्रीय नेते कैदेत असताना इंग्लंडला खेळायला जाणे योग्य नाही, या विचाराने विजय मर्चंट त्या दौऱ्यापासून दूर राहिले. म्हणजे भारताच्या पहिल्या कसोटीच्या संघात कोण आहे हे जसे क्रिकेटने ठरवले, तसे कोण नाही हे राजकारणाने ठरवले. जे गेले त्यांनी देशाचे नाव लॉर्ड्सवर नेले, जे गेले नाहीत त्यांनी देशाची वेदना मानली. त्यांतल्या कोणालाही मी कमी लेखू शकत नाही. हा सामना ‘निव्वळ खेळ’ म्हणून लिहायचा झाला, तर मर्चंट यांच्या त्यागाला कुठे जागा द्यायची?

आमच्या घरात नायडूंना नावाने कोणी संबोधत नसे. ते फक्त ‘सी. के.’ होते. १९४५-४६ च्या हंगामात होळकर संघाने इंदूरला मैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला आणि त्या एका डावात सहा जणांनी शतके ठोकली. माझे वडील तेव्हा शाळकरी होते. यशवंत क्लबच्या मैदानावरचे सामने कुंपणापाशी उभे राहून पाहिल्याचे ते सांगत, आणि मुश्ताक अली, चंदू सरवटे ही नावे उच्चारताना त्यांचा आवाज बदलत असे. होळकर संघ १४ हंगाम खेळला. त्यांत चार वेळा त्याने रणजी करंडक जिंकला आणि सहा वेळा तो उपविजेता ठरला. होळकरांचे राज्य १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले, पण होळकरांच्या नावाचा क्रिकेट संघ १९५४-५५ पर्यंत खेळत राहिला. राज्य गेले आणि संघ उरला, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

तिसऱ्या ओळीविषयी मी जास्त सावधपणे लिहिते, कारण तिच्या बाबतीत तारखेचाच घोळ होतो. पुष्कळ जण २६ जून म्हणतात आणि तेही चुकीचे नाही. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली, २४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त स्थगिती दिली, २५ च्या संध्याकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली, आणि मध्यरात्रीच्या थोडे आधी राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी घटनेच्या ३५२ व्या कलमाखालील घोषणेवर सही केली. देशाला ते कळले २६ ला सकाळी, आकाशवाणीवरून. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. त्या सकाळच्या भाषणातले मला फारसे कळले नाही. वडिलांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ बटणावरचा हात काढला नाही, एवढे आठवते.

पुढच्या दिवसांतले एक दृश्य मात्र स्वच्छ आठवते. इंदूरच्या ‘नईदुनिया’ने संपादकीयाची जागा कोरी सोडली होती. आमच्याकडे हे हिंदी वर्तमानपत्र रोज येत असे, वडील आधी संपादकीय वाचत आणि मग चहाचा कप उचलत. त्या दिवशी त्यांनी कोरी जागा पाहिली, पान माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, “हे वाच.” मी म्हणाले, “इथे काहीच नाही.” ते म्हणाले, “म्हणूनच वाच.” आमच्या गल्लीतल्या एका मराठी शिक्षकांना काही आठवड्यांनी मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येणाऱ्या कायद्याखाली, नेले आणि ते १९७७ मध्ये परतले. त्यांच्या मुलीची आणि माझी बाके एकाच वर्गात होती. त्या वर्षी स्नेहसंमेलनात ती गायली नाही, आणि तिला कोणी आग्रहही केला नाही.

गाण्याचा विषय आणीबाणीच्या ओळीत शिरतो तो असा, आणि आणखी एका वाटेने. खंडव्याचे किशोर कुमार इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले, त्यामुळे आमचे शहर त्यांना आपलेच समजते. सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला सहकार्य करण्यास त्यांनी नकार दिला आणि १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवरून बंद झाली. ज्यांना आणीबाणीच्या शेजारी सिनेमाचे गाणे विसंगत वाटते, त्यांना मी हेच सांगते की त्या राजवटीला गाणे विसंगत वाटले नव्हते. तिने त्याची दखल बंदी घालण्याइतकी घेतली होती.

आणि मग मदनमोहन. ही ओळ मी सर्वांत आधी लिहिते कारण तिचे साल आधीचे. पण तिचा संबंध १९७५ शी किती जवळचा आहे, हे मला फळा लिहायला लागल्यावर अनेक वर्षांनी, साध्या वजाबाकीतून उमगले. आणीबाणीच्या घोषणेवर सही झाली तो दिवस मदनमोहन यांचा एक्कावन्नावा वाढदिवस होता. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, १४ जुलै १९७५ रोजी, ते गेले. ज्या माणसाच्या गझला आम्ही रात्री रेडिओ हळू करून ऐकत होतो, त्याचा अखेरचा वाढदिवस तो होता आणि देशाची ती रात्र तशी होती. ‘मौसम’ आणि ‘लैला मजनू’ या त्यांच्या संगीताच्या चित्रपटांना त्यांच्या मृत्यूनंतरच पडदा पाहायला मिळाला.

मदनमोहन इंदूरचे नव्हते, मग त्यांचे एवढे कौतुक का, असेही मला विचारले गेले आहे. त्यांच्या सुरावटी ज्या गळ्यातून आल्या तो गळा लता मंगेशकरांचा, आणि लताबाई २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मल्या. मदनमोहन यांच्या कितीतरी गाण्यांत जी सतार वाजते ती उस्ताद रईस खाँ यांची, आणि खाँसाहेबांचा जन्मही इंदूरचाच. बगदादमध्ये जन्मलेल्या एका पंजाबी माणसाच्या मनातली चाल मुंबईत ध्वनिमुद्रित होते, तेव्हा तिचा आवाज आणि तिची सतार या दोन्हींची मुळे आमच्या शहरात असतात. ‘अनपढ’मधील गाण्यांपासून पुढे कितीही ऐकले, तरी हे लक्षात आल्यावर मला ती निराळी ऐकू येतात.

चौथ्या ओळीविषयी तुम्हाला सर्व ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. भारत १८३, वेस्ट इंडीज १४०, विजय ४३ धावांनी. मोहिंदर अमरनाथ सामनावीर. आणि कपिल देव यांनी मागे धावत जाऊन घेतलेला रिचर्ड्स यांचा झेल. आमच्याकडे दूरचित्रवाणी संच नव्हता. आम्ही समालोचन रेडिओवर ऐकले आणि मध्यरात्रीच्या सुमारास गल्लीतली निम्मी माणसे राजवाड्याकडे चालू लागली. त्यांत १९७७ मध्ये परतलेले ते शिक्षकही होते. त्या वर्षी क्रिकेट मंडळाजवळ विजेत्यांना साजेसे बक्षीस देण्याइतके पैसे नव्हते, म्हणून लताबाईंनी दिल्लीत कार्यक्रम केला, स्वतः मानधन घेतले नाही, आणि त्या पैशांतून खेळाडूंना प्रत्येकी एक लाख रुपये मिळाले. नायडूंच्या शहरात जन्मलेल्या गायिकेने, नायडूंनी जिथे सुरुवात केली त्याच मैदानावर एक्कावन्न वर्षांनी त्याच तारखेला जिंकलेल्या संघासाठी गावे, हे मी फळ्यावर लिहू शकत नाही, कारण तेवढी जागा नसते. पण चार ओळी एकाखाली एक लिहिते तेव्हा माझ्या मनात ते असते.

काहींनी असेही विचारले आहे की इतर दिवसांचा फळा मी दुसऱ्या सकाळी पुसते, मग हा एक २६ जूनच्या संध्याकाळपर्यंत का ठेवते. आणीबाणीवरची सही २५ ची, पण देशाने ती ऐकली २६ ला. विश्वचषकाचा अंतिम सामना २५ चा, पण राजवाड्यावरचा जल्लोष २६ च्या पहाटेपर्यंत चालला. आणि २०२२ च्या २५ जूनला बेंगळुरूला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा चौथा दिवस होता. त्या सामन्यात इंदूरच्या रजत पाटीदारने पहिल्या डावात शतक केले आणि २६ ला मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. त्या दुपारी मी वाचनालयात गेले, तेव्हा आदल्या दिवशीचा फळा तसाच होता आणि ‘कर्णधार इंदूरचे सी. के. नायडू’ या ओळीखाली कोणीतरी खडूने नवे साल लिहून ठेवले होते. अक्षर माझे नव्हते. मी ते पुसले नाही.