आठशे माणसं एका बोटीत

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तिसऱ्याच महिन्यात प्रकाशकांचा फोन आला. इंग्रजी थरारकादंबरीचा अनुवाद, ३८४ पानं, मुदत सहा महिने. त्याआधी मी मधुमेहावरचं एक पुस्तक आणि एक चरित्र मराठीत आणलं होतं, एवढंच भांडवल. पण हेरांच्या गोष्टी शाळेपासून अधाशासारख्या वाचलेल्या, त्यामुळे विचार न करता हो म्हणाले. प्रत्यक्षात अकरा महिने लागले.

गोष्ट साधारण अशी. एका बेटावरचं सरकार उलथवायला लंडनमधले चार श्रीमंत पैसा लावतात, एक निवृत्त आयरिश मेजर तीस माणसं जमवतो आणि एका गुप्तचर संस्थेतला अधिकारी हे सगळं दुरून बघत बसतो. थांबवतही नाही, मदतही करत नाही.

पहिल्याच पानावर अडले. ‘मर्सिनरी’ला भाडोत्री सैनिक म्हणायचं हे ठरलेलंच होतं, वर्तमानपत्रं तेच लिहितात. पण तीनशे पानं ‘भाडोत्री, भाडोत्री’ वाचून मलाच दोन खोल्यांचा ब्लॉक डोळ्यांपुढे यायला लागला. मग वाटलं, आपल्याकडे तर घरचा शब्द आहे: गारदी. पैसे घेऊन लढणारे, कवायती, तोफा-बंदुकांत तयार. पानिपतावर १७६१ मध्ये मराठ्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत उभा राहिलेला इब्राहिमखान गारदीच होता. मी हौसेनं तीन प्रकरणं ‘गारदी’ घालून पाठवली. संपादकबाईंचा निरोप आला, “शब्द छान आहे, पण मला प्रत्येक पानावर ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतंय.” बरोबरच होतं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून सुमेरसिंग गारद्यानं केला, आणि मराठी माणसाच्या कानात तो शब्द तिथंच थांबलाय. इब्राहिमखानानं त्या शब्दाला मिळवून दिलेली अब्रू बारा वर्षांत गेली. हिंदी महासागरातल्या बेटावर शनिवारवाडा नेऊन ठेवणं शक्य नव्हतं.

गंमत म्हणजे ही माणसं स्वतःला कधीच मर्सिनरी म्हणत नाहीत, ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणतात. त्याला कारणही आहे. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलनुसार भाडोत्री ठरलेल्या माणसाला युद्धकैद्याचा हक्कच मिळत नाही. तो पकडला गेला तर साधा गुन्हेगार. म्हणजे इथं शब्दावर मान अवलंबून. पण मराठीत ‘कंत्राटी’ म्हटलं की डोळ्यांपुढे जिल्हा परिषदेचा शिक्षक येतो, तीन महिने पगार न झालेला. शेवटी निवेदनात भाडोत्री ठेवलं आणि त्यांच्या तोंडी ‘कामावर आलेली माणसं’. मेजर विचारतो, “कामावर येतोस?” मला तेवढं पुरलं.

‘ॲसेट’नं, म्हणजे हेरांना आतून बातम्या पुरवणाऱ्या माणसानं, मात्र बँकेची आठवण करून दिली. आमच्याकडे ॲसेट म्हणजे मत्ता. बातम्या न देणारा खबऱ्या म्हणजे अनुत्पादक मत्ता, असं लिहून स्वतःशीच हसले आणि खोडलं. खबऱ्याही चालेना, तो पोलीस चौकीबाहेरच्या पानटपरीवर उभा असतो. एक दिवस भाजी चिरताना सुचलं: आपला माणूस. “मंत्रालयात आपला माणूस आहे.” यापेक्षा अचूक आणि यापेक्षा भीतिदायक मराठी मला सापडलेलं नाही.

इंग्रजीतला ‘यू’ सगळ्यांना सारखा. आमच्याकडे तू की तुम्ही हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. जिनिव्हातल्या हॉटेलातला एक प्रसंग आहे. अधिकारी एका सरकारी कारकुनाला पैशाचं पाकीट देतो आणि सहज म्हणतो, हिशेबासाठी एवढी पावती सही करा. हेरगिरीतला हा जुना डाव. पैसे महत्त्वाचे नसतात, पावती महत्त्वाची असते; एकदा सही झाली की माणूस अडकला. इंग्रजीत पुढची चार पानं ‘यू’च आहे. मी सही होईपर्यंत ‘तुम्ही’ ठेवलं. कारकून पेनाचं टोपण लावतो, आणि पुढच्याच वाक्याला अधिकारी म्हणतो, “आता गुरुवारी ये.” संपादकबाई म्हणाल्या, मूळ लेखकानं हे केलेलं नाही. मी म्हटलं, त्याला करता आलं नसतं. अख्ख्या पुस्तकात एवढ्या एका जागेसाठी मी भांडले.

पैशाची प्रकरणं सोपी गेली. नावाला संचालक, एका देशात नोंदवलेली कंपनी, दुसऱ्या देशातलं खातं, आणि ‘कागद ज्याच्या हातात त्याची मालकी’ असे शेअर. बावीस वर्षं बँकेत काढल्यावर यात नवं काय. शस्त्रखरेदीला ‘एंड यूझर सर्टिफिकेट’ लागतं, म्हणजे ही हत्यारं अमुक देशाचं सरकारच वापरणार असा त्या सरकारचा दाखला. तो विकत मिळवण्यासाठी कादंबरीत वीस पानं खर्ची पडलीत. तहसील कचेरीत दाखल्यासाठी थांबलेल्या कुणालाही ती समजतील.

मध्येच एक प्रकरण मला साफ खोटं वाटलं. तीस माणसं पर्यटक म्हणून साध्या विमानानं बेटावर उतरतात, हत्यारं बॅगांत. कोण विश्वास ठेवणार? म्हणून शोधत गेले, तर हे घडून गेलेलं. २५ नोव्हेंबर १९८१. भाडोत्री सैनिकांचा म्होरक्या माइक होअर, जन्म आपल्या कलकत्त्यातला, सेशेल्स बेटांवरचं सरकार उलथवायला चाळीसेक माणसं घेऊन तिथल्या माहे विमानतळावर उतरला. वेष बिअर पिणाऱ्या मौजी मंडळींचा, नाव काय तर ‘फेस फुंकणाऱ्यांची प्राचीन मंडळी’. बॅगांत वर खेळणी, तळाच्या चोरकप्प्यात एके-४७. कस्टमवाल्याला एका बॅगेत बंदूक सापडली आणि विमानतळावरच गोळीबार सुरू झाला. तेवढ्यात उतरलं एअर इंडियाचं बोइंग, मुंबईला निघालेलं. या लोकांनी ते ताब्यात घेतलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात न्यायला लावलं. पुढे होअरला दक्षिण आफ्रिकेत दहा वर्षांची शिक्षा झाली. २००४ मध्ये आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीचं सरकार उलथवायला भाडोत्री सैनिक घेऊन निघालेला सायमन मानही झिम्बाब्वेतल्या हरारेच्या विमानतळावरच पकडला गेला. कादंबरीत ही माणसं किनाऱ्यावर मरतात, खऱ्या आयुष्यात बहुधा सामान तपासणीत संपतात. ते प्रकरण मी मुकाट्यानं पूर्ण केलं.

लढाईची पानं आमच्या साताऱ्यातल्याच एका निवृत्त सुभेदारसाहेबांना वाचायला दिली. मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षं. आठवड्यानं बोलावलं. चहा आला, चष्मा आला, मग माझी पानं आली, लाल पेन्सिलनं भरलेली.

“ताई, हे ‘मला झाका’ काय आहे?”

“कव्हर मी,” मी म्हटलं.

ते इतके हसले की ठसका लागला, काकी आतून पाणी घेऊन आल्या. “गोळ्या चालू असताना त्याला चादर घालायची का? ‘कव्हर दे’ म्हणा, सगळ्यांना कळतं.” मग फैरी. प्रत्येकी तीस राउंडच्या मी प्रत्येकी तीस फैरी केल्या होत्या. “राउंड म्हंजे गोळी, पिशवीत असती ती. फैर झाडल्यावर होती.”

आणि मग शांतपणे, “ही पलटण बोटीत कुठं बसवली तुम्ही?”

‘प्लाटून’ला मी पलटण लिहिलं होतं. कानाला तेच वाटतं ना. पण पलटण म्हणजे बटालियन, आठशे माणूस. आमच्या भागात “कुठल्या पलटणीत?” म्हणून विचारतात ते उगीच नाही. मी मेजरच्या तीस माणसांची पलटण करून ती एका मासेमारी बोटीत कोंबली होती, आणि अशी एक-दोन ठिकाणी नाही, साठ पानांत.

घरी येऊन संगणकाला सांगितलं, जिथं पलटण तिथं तुकडी घाल. एका सेकंदात झालं. सकाळी बघते तर ‘पलटणीत’चं ‘तुकडीीत’, एकाच ड वर दोन दीर्घ वेलांट्या. त्याहून वाईट म्हणजे बेटाच्या राष्ट्राध्यक्षाची खरीखुरी पलटण होती, आठशेंची, तीही तुकडी झाली. तीस विरुद्ध आठशे हाच तर कादंबरीचा जीव; आता दोन तुकड्या समोरासमोर, गल्लीतल्या क्रिकेटसारख्या. सगळं परत फिरवलं आणि पट्टी ठेवून ओळ न् ओळ हातानं बघितली. चार दिवस गेले.

पुस्तक आलं. पहिली प्रत सुभेदारसाहेबांना नेऊन दिली. नवव्या दिवशी सकाळी सातला फोन.

“ताई, पान १७३. वरून सहावी ओळ.”

मी चष्मा शोधत होते. ते थांबले नाहीत.

“आठशे जण अजून बोटीतच हायेत.”