टिंटवर लोगो ठेवला की पांढरा चौकोन का येतो?

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या डीटीपीवाल्यांच्या टेबलावर दोन कामांची गर्दी होते: मंडळांचे अहवाल आणि पतसंस्थांच्या वार्षिक सभेची पुस्तकं. दोन्हींत जाहिरातदारांच्या लोगोंनी भरलेली पानं असतात आणि खाली हमखास पिवळा नाहीतर केशरी टिंट, म्हणजे फिका सपाट रंग. लोगो कोरलमध्ये केलेला, पान इनडिझाइनमध्ये किंवा अजूनही पेजमेकरमध्ये. पान जुळवलं की निम्म्या लोगोंभोवती पांढरा चौकोन उभा. अशा वेळी बरेच जण लोगोचा पीएनजी करून वेळ मारून नेतात. पण त्यात व्हेक्टरची (ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेल्या चित्राची) धार जाते आणि बारीक कन्नड-मराठी अक्षरं फुगतात. माझं म्हणणं एवढंच, की हा पांढरा आला कुठून ते आधी ठरवा, उपायाला मग हात घाला. कारण तीन वेगळ्या गोष्टी पडद्यावर अगदी एकसारख्या दिसतात.

पहिली शक्यता अशी की पांढरा चौकोन लोगोतच आहे. कोऱ्या कागदावर तो दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल + वाय दाबा, फक्त रेघा उरतात. लोगोभोवती विनाकारण आयत दिसला तर चोर तोच. कंट्रोल + शिफ्ट + डी दाबलं की मागे चौकटींची जाळी येते आणि जिथे जाळी झाकली जाते तिथे खरा पांढरा रंग आहे. कोरलमध्ये व्ह्यू मेनूतला वायरफ्रेम वापरा, किंवा एक पिवळा आयत काढून कंट्रोल + एंडने सगळ्यात मागे टाका. यासाठी पेज बॅकग्राउंडचा रंग मात्र बदलू नका. तिथे ‘प्रिंट अँड एक्सपोर्ट बॅकग्राउंड’वर टिक राहिली तर तो रंग पीडीएफमध्येही उतरतो आणि नवीच भानगड सुरू होते.

असे चौकोन बहुतेक वेळा ट्रेस करताना, म्हणजे फोटोवरून व्हेक्टर बनवताना, घुसतात. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीजी पाठवतं, आपण त्याचा ट्रेस घेतो आणि मागचा पांढरा भागही एक आकार होऊन बसतो. इलस्ट्रेटरच्या इमेज ट्रेसमध्ये ‘इग्नोर व्हाइट’ (नव्या आवृत्त्यांत ‘इग्नोर कलर’), कोरलच्या पॉवरट्रेसमध्ये ‘रिमूव्ह बॅकग्राउंड’ आणि इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमध्येही त्याच नावाची टिक आहे. ‘इग्नोर व्हाइट’ वापरताना जरा सांभाळून, कारण ते लोगोच्या आतला पांढराही काढून टाकतं. गणपतीच्या डोळ्यातलं पांढरं, शिक्क्यातल्या अक्षरांचं पांढरं, सगळं जातं आणि तिथून टिंट दिसायला लागतो.

आतला पांढरा ठेवायचा की तिथे भोक हवं, हे लोगोगणिक ठरवावं लागतं. गोल शिक्क्यात ‘ठ’ किंवा ‘ಠ’च्या पोटात पांढरा गोळा ठेवलेला असेल, तर टिंटवर तो ठिपक्यासारखा उठून दिसतो. तिथे कोरलमध्ये दोन्ही आकार निवडून कंट्रोल + एल, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल + ८. मग ते खरंखुरं भोक होतं. नेहमीच्या चार रंगांच्या ऑफसेटला पांढरी शाई नसते, हेही ध्यानात असू द्या. लग्नपत्रिकेच्या रंगीत कार्डावर ‘पांढरं’ अक्षर कार्डाच्याच रंगाचं उमटतं. पांढरंच हवं असेल तर ते काम स्क्रीन प्रिंटिंगचं.

दुसरी शक्यता: चौकोन फक्त पडद्यावर आहे, छपाईत नाही. हे ईपीएस या जुन्या फाइल-प्रकाराचं खास लक्षण. ईपीएस फाइलच्या पोटात दोन गोष्टी असतात, खरं पोस्टस्क्रिप्ट (छपाईयंत्राच्या भाषेतलं) चित्र आणि पानावर दाखवण्यापुरतं छोटं प्रीव्ह्यू चित्र. प्रीव्ह्यू अपारदर्शक असेल तर पानावर पांढरा डबा दिसतो, पण मूळ चित्रात पार्श्वभूमी रंगवलेलीच नसते, त्यामुळे छपाईच्या प्लेटवर काही येत नाही. इलस्ट्रेटरमधून ईपीएस सेव्ह करताना प्रीव्ह्यू ‘टिफ, ८-बिट कलर’ आणि त्याखाली ‘ट्रान्स्परंट’ निवडा. इनडिझाइनमध्ये प्लेस करताना ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’वर टिक करून ‘रास्टराइझ द पोस्टस्क्रिप्ट’ घ्या आणि डिस्प्ले परफॉर्मन्स ‘हाय क्वालिटी’वर ठेवून बघा. डबा गेला तर काळजी नको.

पेजमेकरवाल्यांचं दुखणं थोडं खोल आहे. ज्या लेझर प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट कळत नाही, तो ईपीएसमधलं खरं चित्र छापतच नाही, प्रीव्ह्यूच छापतो. म्हणून बटर पेपरवर लोगो दातेरी येतो आणि डबाही येतो. प्रिंटर बदलायची गरज नाही. पोस्टस्क्रिप्ट फाइल काढा, अ‍ॅक्रोबॅट डिस्टिलरमधून पीडीएफ करा आणि प्रिंट अ‍ॅक्रोबॅटमधून द्या. पेजमेकरला पारदर्शकता समजत नाही, तेव्हा सावली, धूसर कडा, निम्मा पारदर्शक रंग असलेले लोगो त्यात नेऊच नका. सपाट रंगांचं व्हेक्टर ईपीएस मात्र तिथे चोख चालतं.

तिसरी शक्यता सगळ्यात त्रासाची: फाइल सेव्ह करतानाच पारदर्शकता सपाट झालेली असते, म्हणजे आरपार दिसणारा भाग मागच्या रंगात कायमचा मिसळलेला असतो. ईपीएसमध्ये खरी पारदर्शकता राहत नाही. पीडीएफमध्ये ती आली २००१ साली, आवृत्ती १.४ म्हणजे अ‍ॅक्रोबॅट ५ बरोबर. आवृत्ती १.३ मध्ये ती बसत नाही आणि छपाईसाठीच्या पीडीएफ/एक्स-१ए मानकात तिला मनाई आहे. पीडीएफ/एक्स-४ मध्ये ती जशीच्या तशी राहते. कोरलमधून लोगो एक्स-१ए प्रीसेटने काढला की सावलीचा भाग बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) होतो. त्या बिटमॅपच्या आयताला पांढरी पाठ चिकटली की पुढच्या पानावर ती निघत नाही, मूळ फाइलकडेच परत जावं लागतं.

म्हणून कोरल ते इनडिझाइन हा रस्ता असा ठेवा: लोगो निवडा, ‘पब्लिश टू पीडीएफ’, रेंज ‘सिलेक्शन’, कम्पॅटिबिलिटी अ‍ॅक्रोबॅट ५ किंवा पुढची, आणि ऑब्जेक्ट्स टॅबमध्ये ‘एक्सपोर्ट ऑल टेक्स्ट अ‍ॅज कर्व्ह्ज’. ही शेवटची टिक आपल्या भागात सोडून चालत नाही. एकाच लोगोत वर नुडीचा कन्नड फॉन्ट, खाली श्रीलिपीचा मराठी, आणि छपाई कोल्हापूरला गेली तर तिथे नुडी असेलच असं नाही. सावली कोरलमध्येच बिटमॅप करायची असेल तर ‘कन्व्हर्ट टू बिटमॅप’मध्ये ३०० डीपीआय आणि ‘ट्रान्स्परंट बॅकग्राउंड’ची टिक. ती टिक करायची विसरली की सावलीबरोबर पांढरा आयत आलाच.

इनडिझाइनमध्ये पीडीएफ प्लेस करताना पुन्हा ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’. तिथे ‘ट्रान्स्परंट बॅकग्राउंड’ ही टिक आहे. ती निघाली असेल तर लोगो कितीही शुद्ध असला तरी मागे पांढरं पान येतं. ‘क्रॉप टू’मध्ये ‘बाउंडिंग बॉक्स’ निवडा, नाहीतर लोगोभोवतीची मोकळी जागाही चौकटीत येते. इलस्ट्रेटरची एआय फाइलही याच खिडकीतून येते, कारण इनडिझाइन तिच्या पोटातली पीडीएफ वाचतं. त्यासाठी एआय सेव्ह करताना ‘क्रिएट पीडीएफ कम्पॅटिबल फाइल’ चालू हवं. ते बंद असेल तर लोगोऐवजी फाइलमध्ये पीडीएफ नसल्याची इंग्रजी सूचना पानावर येते.

इंकस्केप आणि स्क्रायबसवर काम करणाऱ्यांसाठी एसव्हीजी बरी. स्क्रायबसच्या इम्पोर्टमधलं ‘गेट व्हेक्टर फाइल’ वापरलं की लोगो थेट व्हेक्टर वस्तू होऊन येतो, मागे पान येत नाही. अक्षरं आधी इंकस्केपमध्ये कंट्रोल + शिफ्ट + सी ने पाथ करून घ्या. ब्लरसारखे फिल्टर मात्र स्क्रायबस उचलत नाही. शेवटची पीडीएफ १.४ किंवा पुढची काढा, १.३ निवडली तर प्रीफ्लाइट (छपाईआधीची तपासणी) पारदर्शकतेची तक्रार करतो, आणि ती खरी असते.

प्रेसने एक्स-१ए च मागितली तर सपाट करणं शेवटी इनडिझाइनलाच करू द्या, ‘हाय रिझोल्यूशन’ फ्लॅटनर प्रीसेटने: रेषांना १२०० पीपीआय, ग्रेडियंटला ३००. ब्लेंड स्पेस ‘डॉक्युमेंट सीएमवायके’ ठेवा. आणि मजकूर लोगोच्या सावलीच्या वरच्या लेयरवर न्या. सावलीखाली सापडलेली अक्षरं सपाट होताना आउटलाइन होतात किंवा रास्टर होतात. ८-९ पॉइंटच्या मजकुरात रफार, अनुस्वार आणि कन्नड ओत्तक्षरं (जोडाक्षरात खाली लागणारी रूपं) शेजारच्या ओळीपेक्षा जाड दिसायला लागतात. अहवालात हिशेबाच्या तक्त्याशेजारी असं झालं की ते लगेच नजरेत भरतं.

प्लेटला फाइल देण्याआधी अ‍ॅक्रोबॅटमधलं ‘आउटपुट प्रीव्ह्यू’ उघडा आणि लोगोच्या कडेवरून पॉइंटर फिरवा. टिंट ३० टक्के पिवळा असेल आणि चौकोनाच्या आत पिवळा ० दाखवत असेल, तर चौकोन खरा आहे, प्लेटवर येणार. आतबाहेर ३० च असेल तर डोळ्यांना काहीही दिसो, छपाई स्वच्छ येईल. सपाट केलेल्या पीडीएफमध्ये केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर अ‍ॅक्रोबॅटच्या पेज डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्मूद लाइन आर्ट’ बंद करून बघा. त्या गेल्या किंवा झूम बदलला तरी तेवढ्याच बारीक राहिल्या, तर त्या पडद्यापुरत्याच आहेत.