गुडघा आणि लोर्का

आज सरावानंतर आमच्या टीममधला एकजण गुडघा चोळत म्हणाला, "संपला आपला फुटबॉल." तेव्हापासून डोक्यात स्पॅनिश फुटबॉल प्रशिक्षक उनाई एमरी घोळतोय.

खेळाडू म्हणून रेआल सोसिएदाद क्लबकडून ला लीगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल श्रेणीत, त्याच्या वाट्याला जेमतेम ५ सामने आले. मग टोलेडो, फेरोल, लेगानेस हे क्लब. उमेदीची बहुतेक वर्षं दुसऱ्या श्रेणीत गेली. शेवटी तिसऱ्या श्रेणीतला लोर्का. तिथे गुडघ्याने दगा दिला आणि डिसेंबर २००४ मध्ये, ऐन हंगामात, क्लबने त्यालाच प्रशिक्षक केलं. वय ३३! कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांनाच आता संघाबाहेर बसवायचं. मला त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत हेच सगळ्यात अवघड वाटतं. त्याच हंगामाअखेर लोर्का इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत पोचला. पुढे सेव्हिया क्लबबरोबर युरोपा लीगची (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) सलग ३ विजेतेपदं, व्हिलारेआलबरोबर चौथं, हे तर सगळ्यांना ठाऊक आहेच.

अजून एक. १९२९ मध्ये ला लीगातला पहिलावहिला गोल ज्यांच्यावर झाला, ते रेआल उनियोनचे गोलकीपर म्हणजे त्याचे आजोबा. २०२१ मध्ये एमरी कुटुंबाने स्पेनमधल्या इरून शहराचा तोच छोटा क्लब विकत घेतला. खालच्या श्रेणीत खेळणारा, तरीही.